दुचाकीच्या मागील ड्रम-ब्रेकची तपासणी व घरगुती दुरुस्ती

संकलन केंद्रावर दूध पोहोचविणे, बाजारातून खताचे पोते आणणे ही कामे पूर्वी बैलगाडीने होत. आता ती बहुतांशी मोटारसायकलीवर होतात. वाहनावर ओझे असता ब्रेकवर ताण अधिक पडतो, आणि ब्रेक निकामी झाल्यास चालविणाराबरोबर मागे बसलेल्या माणसाचाही जीव धोक्यात येतो.

लोअर परळच्या गिरण्यांत सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांतील कुटुंबांच्या पिढ्या राबल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी तेथील चाळींचे गावाशी असलेले नाते टिकून आहे. सणासुदीला तेथील तरुण दुचाकीने कशेडी वा खंबाटकी घाट ओलांडून गावी येतात. त्यांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

रचना

लोअर परळ येथे पश्चिम रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना आहे. जुन्या पद्धतीच्या रेल्वे डब्यात ब्रेकचा ठोकळा चाकाच्या धावेवर बाहेरून दाबला जातो. ड्रम-ब्रेकमध्ये याच्या उलट घडते. पायटा दाबताच दांडी ओढली जाऊन कॅम फिरतो, आणि दोन अर्धगोल शू फाकून त्यांवरील लायनर ड्रमला आतून घासतात. पायटा सोडला की स्प्रिंगा शू परत मिटवितात.

लक्षणांवरून दोष ओळखणे

1. पायटा फार खाली जातो : लायनर झिजले आहेत किंवा दांडीचा नट सैल आहे.
2. ब्रेक क्षीण लागतो : लायनरवर तेल वा ग्रीस उतरले आहे, किंवा ते गुळगुळीत होऊन चकाकू लागले आहेत.
3. चाक जड फिरते, ड्रम तापतो : नट अति आवळला आहे, कॅम गंजला आहे किंवा स्प्रिंग ढिली पडली आहे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.
4. पायटा पायाखाली थरथरतो : ड्रमची गोलाई बिघडली असण्याचा संभव असतो.
5. पाण्यातून गेल्यावर ब्रेक लागत नाही : लायनर भिजले आहेत. पावसाळ्यात परळ-हिंदमाता भागातील तुंबलेले पाणी असो वा गावचा ओढा, पार झाल्यावर मंद गतीने जात ब्रेक हलके हलके दाबावा. घर्षणाने लायनर सुकतात.

नट जुळविणे

पायट्याला साधारण 20 ते 30 मिलिमीटर मोकळी चाल असावी. नेमका आकडा वाहनाच्या पुस्तिकेत पाहावा. चाल अधिक असल्यास दांडीचा नट आवळावा. त्यानंतर चाक हाताने मोकळे फिरते ना आणि मागचा दिवा वेळेवर लागतो ना, हे पाहावे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड-ब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला. जोड-ब्रेकच्या वाहनात पुढील ब्रेकची केबलही पुस्तिकेप्रमाणे जुळवावी.

अनेक वाहनांत कॅमच्या टोकाशी झीजदर्शक काटा असतो. पायटा पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला, तर नट न आवळता शू बदलावेत.

शू बदलणे

वाहन सपाट जागी मधल्या स्टँडवर उभे करावे व ड्रम थंड होऊ द्यावा. दांडीचा नट काढावा, टॉर्क-दांडी असल्यास सोडवावी, आस काढून चाक उतरवावे व शूंची थाळी बाहेर घ्यावी.

आतील धूळ तोंडाने वा हवेच्या नळीने कदापि फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकावे.

लायनरची जाडी सुमारे 2 मिलिमीटर किंवा कमी उरली असेल, किंवा तो तेलाने भिजला असेल, तर दोन्ही शू बदलावेत. पेट्रोलने धुतलेला तेलकट लायनर भरवशाचा राहत नाही. तेल जेथून आले ते सील प्रथम बदलावे, अन्यथा नवे शूही वाया जातील. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा झीज अधिक असल्यास ड्रम बदलावा. कॅम स्वच्छ करून त्यावर ग्रीसचा पातळ हात द्यावा. लायनरला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

चाक बसविताना पायटा दाबून धरून आसाचा नट आवळावा, म्हणजे शू मध्यावर बसतात. चेनचा ताण तपासावा व पिना नव्या घालाव्यात. प्रथम मोकळ्या मैदानात, ओझ्याविना, मंद गतीने चाचणी घ्यावी. नवे शू ड्रमशी जुळेपर्यंत ब्रेक किंचित कमी लागतो, हे ध्यानी ठेवावे.

घाटात घ्यावयाची खबरदारी

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ड्रम तापून त्याची पकड कमी होते. म्हणून खालचा गिअर घालावा, इंजिन बंद करू नये आणि पुढचा व मागचा ब्रेक मिळून वापरावे. तेलावर चालणारा पुढचा ब्रेक व एबीएस यांची दुरुस्ती मात्र जाणत्या कारागिराकडेच सोपवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी दूध संकलन केंद्रावर एक सकाळ ठरवून सर्व वाहनांचे पायटे तपासून घ्यावेत. एका वाहनास काही मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.