रविवारची सुट्टी आणि गिरणी कामगारांचा संघ
(नागरिकशास्त्र : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

उद्देश : एकट्याला जे साधत नाही ते अनेकांनी एकत्र येऊन साधता येते, परंतु संस्था टिकावयाची तर तिला सभासद, निधी व नियम यांचा आधार लागतो, हे मुलांच्या मनावर बिंबविणे.

विषयप्रवेश : “रविवारी सुट्टी का असते?” या प्रश्नाने पाठास आरंभ करावा. “ती लोखंडे यांनी मिळवून दिली,” असे एखादे मूल सांगेल. हे उत्तर अर्धेच खरे आहे. इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या पूर्वीपासूनच रविवारी बंद असत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती ती मुंबईच्या कापड गिरण्यांतील मजुरांना. त्यांची हकीकत सांगावी.

विवेचन : त्या काळी गिरणीचे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. १८८१ चा कायदा केवळ बालमजुरांपुरता होता. प्रौढ स्त्रीपुरुषांना त्याचे संरक्षण नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. गिरणीत नोकरी केलेली असल्याने मजुरांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्धा तास सुट्टी, वेळेवर पगार आणि काम करताना जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, या त्यातील प्रमुख मागण्या होत. याच चळवळीतून ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था उदयास आली.

मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, हे मुलींना आवर्जून सांगावे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व मधली विश्रांती यांस कायद्याचे बळ मिळाले. मालकांचाही संघच होता, हे येथे ध्यानात आणून द्यावे. संघाशी बोलावयास संघच लागतो.

आता पाठाचा दुसरा भाग. तो अप्रिय वाटला तरी गाळू नये. या संस्थेकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या मजुरास सल्ला देणारे लोखंडे, हाच तिचा खरा आधार होता. १८९७ साली मुंबईत प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करीत असता त्यांचे निधन झाले आणि संस्थेचे कार्यही मंदावले. मिळविलेली सुट्टी मात्र राहिली, कारण ती कायद्यात नोंदली गेली होती. कामगार संघांच्या रीतसर नोंदणीचा कायदा १९२६ साली झाला.

कृती : गावातील भजनी मंडळ, दूध संस्था, बचत गट यांपैकी एकाची माहिती मुलांनी मिळवावी. सभासद किती, वर्गणी किती, हिशेब कोण लिहितो, प्रमुख व्यक्ती परगावी गेली तर काम कोण पाहते, हे विचारावे. नंतर वर्गात वाचन मंडळ स्थापावे. वर्गणी पैशांचीच हवी असे नाही. आठवड्यातून एक दिवस पुस्तके झाडून लावणे हीही वर्गणीच. गरीब मूल त्यामुळे मागे राहणार नाही. वही मुलांनीच लिहावी व चिटणीस दर महिन्यास बदलावा.

शिक्षकाची बदली झाल्यावरही ते मंडळ चालू राहिले, तर हा पाठ खरोखर शिकविला गेला असे समजावे.