आधी बोल, मग तारा तपास

चि. भाचीस,

सोमवारपासून मणक्याच्या ऑपरेशनात मज्जारज्जूच्या मॉनिटरिंगसाठी तू एकटी बसणार, असं ताईनं फोनवर सांगितलं. ऊर भरून आला. म्हणून हे चार शब्द.

भूल दिलेल्या माणसाला ‘पाय हलतो का?’ असं विचारता येत नाही. 1973 मध्ये स्टाग्नारा आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी यावर पद्धत मांडली ती पेशंटला ऑपरेशनच्या मध्येच जागं करून पावलं हलवायला लावण्याची. पुढे 1980 मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून विजेचा धक्का देऊन शुद्धीतल्या माणसाचे स्नायू हलवून दाखवले. आज तू पाच-सहा पल्सची माळ सोडतेस, तेव्हा तोच प्रश्न मेंदूला विचारत असतेस. पायाच्या स्नायूत टोचलेल्या सुईतून पडद्यावर उमटणारी लहर, म्हणजेच सिग्नल, हे त्याचं उत्तर.

प्रश्न नीट विचार. धक्क्यानं जबडा आवळतो आणि जीभ चावली जाते, म्हणून दातांमधला बाइट ब्लॉक स्वतःच्या डोळ्यांनी बघ. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरला का, हे भूलतज्ज्ञांना विचार. तो असेपर्यंत लहर उमटायची नाही. धक्का देण्याआधी मोठ्यानं सांग, कारण अंग हलतं आणि सर्जनचं हत्यार मज्जारज्जूजवळ असतं. हाताचा सिग्नल कायम सोबत ठेव. मानेखालच्या ऑपरेशनात हात-पाय दोन्हींचे सिग्नल पडले, तर भूल किंवा रक्तदाबाकडे बघ. हात शाबूत आणि पाय गेला, तर धोका बहुधा सर्जनच्या हाताखालीच आहे.

हे मला ठाऊक होतं, तरी एकदा चुकलो. पाठीचा बाक सरळ करताना एका मुलीच्या डाव्या पायाचा सिग्नल गेला. हाताचा होता. सुई निघाली असेल, उगाच सर्जनना कशाला थांबवा, म्हणून मी मुकाट्यानं तारा तपासत बसलो. सात-आठ मिनिटं गेली. मग सांगितलं. त्यांनी रॉड सैल केले, रक्तदाब वाढवला. सिग्नल अर्धाच परतला. त्या मुलीला पाऊल उचलायला दीड महिना लागला. मी आधी बोललो असतो तर ते टळलं असतं का, कोण जाणे. पण ती मिनिटं तिची होती आणि मी ती माझ्या संकोचात घालवली.

म्हणून सांगतो, सिग्नल पडला की आधी बोल, मग तारा तपास. सुईच निघालेली असली तर बोलणी बसतील. बसू देत. ती संध्याकाळपर्यंत विरतात.

आणखी एक कर. आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन पेशंटला भेट. त्याचं पाऊल तुझ्या तळहातावर जोरानं दाबायला सांग. दुसऱ्या दिवशी पडद्यावर रेघ सपाट झाली, तर तो दाब तुझ्या हाताला आठवेल आणि तोंड आपोआप उघडेल.

तुझा,
मामा