अक्कलदाढ : केव्हा राखावी, केव्हा काढावी

बारावीच्या परीक्षेच्या सुमारास माझा उजवा गाल सुजला. तोंडात दोन बोटे शिरतील एवढीही फट पडेना. दाढेखाली लवंग धरून आणि पातळ वरणभात गिळून मी चार दिवस काढले. वसतिगृहाच्या अधीक्षकांना काही सांगितले नाही. पाचव्या दिवशी सूज ओसरली, तेव्हा दुखणे गेले असेच मी समजलो. पुढे दंतवैद्यक शिकताना उमगले की ते केवळ दबले होते.

साधारणतः १७ ते २५ या वयात, मनुष्याला समज येण्याच्या काळात उगवते म्हणून ही अक्कलदाढ. बत्तीस दातांपैकी या शेवटच्या चार. काहींना त्या मुळात येतच नाहीत. ही दाढ उगवते तोपर्यंत जबड्यातील जागा बहुधा संपलेली असते. मग ती आडवी वळते, पुढच्या दाढेला टेकते, किंवा अर्धी वर येऊन थांबते. अर्धवट आलेली दाढ अधिक त्रासदायक, कारण तिच्यावर हिरडीची झडप राहते. त्या झडपेखाली अन्नकण साचतात, ब्रश तेथे पोहोचत नाही आणि जंतूंना आयतेच घर मिळते. सूज, दुर्गंधी आणि तोंड न उघडणे हे सारे तेथून सुरू होते. गोळ्यांनी जंतू हटतात. झडप मात्र तशीच राहते, म्हणून दुखणे पुन्हा येते. कधी पुढची धडधाकट दाढही मागच्या बाजूने किडते, आणि हे नुकसान आरशात दिसत नाही.

म्हणून प्रत्येक अक्कलदाढ काढावी काय? नाही. सरळ उगवलेली, स्वच्छ राखता येणारी दाढ खुशाल राहू द्यावी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० साली निरोगी अडकलेल्या दाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असेच सांगितले. वारंवार सूज, कीड किंवा गाठ असल्यास मात्र चालढकल नको. आधी क्ष-किरण चित्र घ्यावे, कारण खालच्या ओठाला संवेदना देणारी नस या दाढेच्या मुळांजवळून जाते. तरुण वयात मुळे पूर्ण वाढलेली नसल्याने शस्त्रक्रिया सहसा सोपी जाते. दाढ काढल्याने नजर अधू होते, ही समजूत निराधार आहे. दुखऱ्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरणेही चुकीचे; तिने हिरडी भाजते.

दाढ काढल्यावर पहिले २४ तास जोराने चुळा भरू नयेत, थुंकू नये. खळग्यातील रक्ताची गुठळी निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य कळा येतात. तंबाखू व मिश्री लावणाऱ्यांत हा धोका अधिक.

सूज जबड्याखाली वा गळ्याकडे उतरली, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर परीक्षा असो वा मध्यरात्र, तत्काळ रुग्णालय गाठावे.