तहानेला उन्हाचं नाव देऊ नका

पोरांनो, तुम्ही आता तिशी ओलांडलीत, म्हणून सांगते. तुमचे आजोबा एका कोजागरीला अनवाणी चालत तुळजापूरला गेले, आईचं दर्शन घेऊन आले. दुसऱ्या दिवशी अंथरूण काढताना मला चादरीवर रक्ताचा डाग दिसला. पाय धुऊन बघते तर टाचेत बाभळीचा काटा खोल रुतलेला. मी सुईनं तो उकरून काढत होते आणि हे शांतपणे चहा पीत होते. म्हणाले, "काटा होता व्हय? मला कळलंच नाही." मला ती आईची कृपा वाटली. महिना झाला तरी जखम भरेना, तेव्हा रक्त तपासलं आणि शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, ही बरीच वर्षं अंगात मुरलेली आहे.

मग मी मागचं आठवत बसले. खुणा सगळ्या दिसल्या होत्या, पण प्रत्येक खुणेला आमच्याकडं एक कारण तयार होतं. तीच कारणं तुम्हाला सांगते. यातलं एखादं तुमच्या तोंडी आलं, की त्याच आठवड्यात रक्त तपासून घ्या.

"ऊन किती आहे, तहान लागणारच." आपल्या धाराशिवात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तहान कुणाला चुकत नाही. पण उन्हाची तहान कोणती आणि शुगरची कोणती, हे लघवी सांगते. घामानं पाणी गेलं तर लघवी कमी आणि पिवळी होते. शुगरमध्ये उलटं असतं. तांब्यावर तांब्या पाणी प्यालं तरी घशाला कोरड, आणि लघवी मात्र भरपूर, पाण्यासारखी. जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर पडताना अंगातलं पाणी ओढून नेते.

"वय झालं, रात्री उठावं लागतंच." पुरुषांना प्रोस्टेटमुळंही उठावं लागतं, हे खरं. पण कारण कोणतं, हे तपासणीनं ठरू द्या. जुनी माणसं लघवीला मुंग्या लागतात का बघायची. मधुमेह हे नावच लघवीच्या गोडीवरून पडलं. खूण खरी आहे, पण मुंग्यांची वाट बघू नका. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मग ती लघवीत उतरते, आणि आजार त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

"सुगीत माणूस वाळतोच." तुमच्या आजोबांचा करदोडा सैल होऊन खाली घसरायला लागला होता. ताटात मात्र दोन भाकरी जास्त जात होत्या. खाणं वाढलं आणि अंग उतरलं, तर खाल्लेलं अंगी लागत नाही असं समजा. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, तेही त्यातूनच.

"आपण ज्वारी खाणारी, बारीक माणसं." या भरवशावर राहू नका. भाकरीचीही पोटात साखरच होते, आणि आता कष्ट मोटारसायकलनं आणि ट्रॅक्टरनं कमी केलेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं, की आपली माणसं वरून बारीक दिसली तरी आत चरबी बाळगून असतात. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 च्या वर गेली तर सावध व्हा. मान, काखा काळवंडून मखमलीसारख्या जाड झाल्या आणि घासून निघेनात, तर तो मळ नव्हे.

"बायकांचं हे असतंच." नातसुनांनो, हे तुमच्यासाठी. अंगावरून पांढरं जाणं, लघवीच्या जागी खाज सुटणं, औषधानं बरं होऊन पुन्हा उलटणं, हे लाजून लपवू नका. पुरुषांनाही अशी खाज सुटते. जिला बाळंतपणात शुगर होती किंवा जिचं बाळ चार किलोचं झालं, तिनं दर वर्षी तपासावं.

"चष्म्याचा नंबर वाढला." कधी धूसर, कधी स्वच्छ असं दिसायला लागलं तर चष्म्याआधी रक्त तपासा. गळवं वरचेवर होणं, हिरड्या सुजणं, तळपायाला मुंग्या येणं, कापसावर चालल्यासारखं वाटणं, या खुणाही मनात धरा. पायातली चप्पल निसटून मागं राहिली आणि कळलंच नाही, तर त्या दिवशीच डॉक्टरकडं जा.

आता तपासणीचं. आठ तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात साखर 100 च्या आत हवी. 100 ते 125 म्हणजे उंबरठा. 126 किंवा जास्त आली तर शुगर समजतात, पण त्रास काही नसेल तर पुन्हा तपासून खात्री करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी 6.5 किंवा जास्त आली तरी तेच. बोटाला टोचून बघणं ही पहिली चाळणी; पक्कं निदान शिरेतल्या रक्तावरून होतं. तिशीच्या पुढच्यांची ही चाळणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईला विचारा. आयसीएमआरच्या 2023 च्या अभ्यासात देशात 10 कोटींवर माणसांना मधुमेह आणि 13 कोटींवर उंबरठ्यावर निघाली. उंबरठ्यावरून माघारी फिरता येतं, म्हणून लवकर कळलेलं बरं.

एक मात्र अंगावर काढू नका. खूप तहान, त्यात उलट्या, खोल आणि भरभर श्वास, माणूस गुंगीत, असं दिसलं तर काढा करत बसू नका, 108 ला फोन लावा.

तुमच्या आजोबांचा पाय वाचला, एक बोट गेलं. अजून रोज रात्री मी कंदिलाऐवजी मोबाईलच्या उजेडात त्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवते. आता कोजागरीला ते चपला घालून जातात, पायरीशी काढतात. आई रागावली नाही.

उद्या सकाळी चहा न घेता जा, रक्त देऊन या. भाकरी मी झाकून ठेवते.