मुलांच्या डोळ्यांची खाज आणि दृष्टीचे रक्षण

उन्हाळा तापू लागला की आमच्या नेत्रविभागात सतत डोळे चोळणाऱ्या मुलांची संख्या वाढते. ‘डोळे आले असतील’ अशी पालकांची समजूत असते. परंतु डोळे येणे हा संसर्ग असून तो बहुधा थोड्या दिवसांत ओसरतो. वर्षानुवर्षे उलटणारी असह्य खाज हे ॲलर्जीचे लक्षण होय. तिच्या एका तीव्र प्रकारास ‘व्हर्नल केरॅटोकंजंक्टिव्हायटिस’, म्हणजे वासंतिक नेत्रदाह, असे म्हणतात.

उष्ण व कोरड्या हवेत हा विकार अधिक आढळतो. साधारणतः ५ ते १५ वर्षे वयात, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत, त्याचे प्रमाण जास्त असते. डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही, तारेसारखा चिकट स्राव येतो. वरची पापणी उलटून पाहिल्यास आत फरसबंदीसारख्या गाठी दिसतात. हा विकार संसर्गजन्य नाही. म्हणून मुलास शाळेपासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

धूळ, परागकण यांच्या संपर्काने डोळ्यातील मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते व खाज सुटते. डोळा चोळल्याने क्षणभर बरे वाटते; परंतु त्या घर्षणाने हिस्टामिन आणखीच स्रवते. दाह तीव्र झाल्यास बुबुळावर जखम होऊन कायमचा व्रण राहू शकतो. वर्षानुवर्षे चोळण्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोका वाढतो. मग चष्म्याचा तिरका नंबर वारंवार बदलतो आणि चष्म्यानेही स्पष्ट दिसेनासे होते. हा विकार वेळीच ओळखल्यास ‘क्रॉस-लिंकिंग’ उपचाराने त्याची वाढ बहुधा थांबविता येते.

दुसरा धोका उपचारातूनच उद्भवतो. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी खाज त्वरित थांबते. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा चिठ्ठीशिवायही, तेच थेंब महिनोन्महिने घातले जातात. त्यामुळे काही मुलांच्या डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. मोतीबिंदूही होऊ शकतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. काचबिंदूत प्रथम बाजूचे दिसणे कमी होते. ते मुलाच्या ध्यानी येत नाही आणि ते तक्रारही करीत नाही. स्टेरॉइड हे मोलाचे औषध आहे. पण ते नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस आणि दाब तपासूनच वापरावे.

पालकांनी थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, बाहेर जाताना मुलास टोपी व गॉगल द्यावा, खेळून आल्यावर चेहरा धुण्याची सवय लावावी. दीर्घकाळ वापरण्यास ॲलर्जीरोधक थेंब, तसेच तीव्र विकारात सायक्लोस्पोरीनसारखी औषधे उपलब्ध आहेत. त्यांची निवड तज्ज्ञांवर सोपवावी.

वयात आल्यावर बहुसंख्य मुलांचा हा विकार आपोआप शमतो. तोवर दृष्टी शाबूत राखणे एवढेच पालकांचे व आमचे काम आहे. म्हणून घरात असलेली थेंबांची प्रत्येक बाटली पुढील तपासणीस अवश्य सोबत आणावी, ही नम्र विनंती.