बैलाचे मूत अडले तर

रोज सकाळी गोठा झाडताना बैलाखालची जमीन ओली असते. एखाद्या दिवशी ती कोरडी दिसली तर? झाडणारीने तिथेच थांबावे आणि घरात सांगावे. ही लहान गोष्ट नाही.

बैलाला मूतखडा होतो. लघवीतले क्षार साचतात, त्यांचे रेतीसारखे कण बनतात, कणांचे खडे होतात. गाईची मूत्रनळी आखूड, सरळ आणि रुंद असते, म्हणून खडा बहुधा निघून जातो. बैलाची नळी लांब आणि अरुंद असते. शिवाय मधे ती सापासारखी दोनदा वळते. खडा त्या वळणात अडकतो. गोऱ्हा फार लहानपणी खच्ची केला, तर नळी आणखी अरुंद राहते. बोकडाची आणि घरातल्या बोक्याचीही हीच अडचण आहे.

लक्षणे ओळखा. बैल पाय ताणून उभा राहतो, कुंथतो, शेपटी वरखाली हलवतो. पोटावर लाथा मारतो. लघवी थेंब थेंब येते, कधी रक्ताची येते, कधी येतच नाही. मुताच्या जागेच्या केसांना बारीक खडे चिकटलेले दिसतात. चारा सुटतो, रवंथ थांबते.

आता नीट वाचा. दोन-तीन दिवस कुंथणारा बैल एकाएकी शांत होतो. घरचे म्हणतात, "देवाने ऐकले, आराम पडला." पण हा आराम खोटा असू शकतो. आत मुताची पिशवी फुटलेली असते. ताण गेला म्हणून कळ थांबली, एवढेच. मग मूत पोटात साचते, पोट दोन्ही बाजूंनी फुगते आणि विष अंगात भिनते. असा बैल वाचवणे फार कठीण जाते. म्हणून या आजारात दिवस मोजू नका, तास मोजा.

पोटावर डाग देऊ नका. लघवी सुटण्याचे औषध मनाने पाजू नका. वाट बंद असताना मूत वाढले तर पिशवी लवकर फुटते. मंगरूळपीरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कळवा. १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. डॉक्टर जागा बधिर करून खडा काढतात, किंवा लघवीला नळी घालतात. मोठे काम असले तर अकोल्याला पशुवैद्यकीय संस्थेच्या दवाखान्यात नेण्यास सांगतील. तेव्हा उद्यावर टाकू नका.

खडा होऊच नये म्हणून काय करावे?

एक, पाणी. मोठा बैल दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. थंडीत गार पाण्याला तो तोंड लावत नाही, म्हणून हिवाळ्यात जपावे. विहिरीचे ताजे पाणी थोडे कोमट असते, ते पाजावे. दिवसातून तीन-चार वेळा पाणी दाखवावे.

दोन, मीठ. रोज सुमारे ३० ग्रॅम मीठ खाद्यात द्यावे. मिठाने तहान लागते आणि लघवी पातळ राहते. पण मीठ दिले की पाणी भरपूर हवेच.

तीन, चारा. नुसती ढेप, चुनी आणि कोंडा वाढवला तर खडा होण्याची भीती वाढते. पोट भरावे ते कडब्याने, कुटाराने आणि हिरव्या चाऱ्याने. ढेप बेताने द्यावी.

चार, गोऱ्हा कोणत्या वयात खच्ची करावा, हे डॉक्टरला विचारून ठरवावे.

जोडीतला एक बैल गेला की दुसराही बसून राहतो आणि पेरणी हुकते. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, पुरणपोळी खाऊ घालतो. पण त्याला बोलता येत नाही. त्याचे दुखणे ओळखायचे ते आपणच.

प्रश्न
१. गाईपेक्षा बैलाला खड्याचा धोका जास्त का?
२. कुंथणारा बैल एकदम शांत झाला तर काय समजावे?
३. तुमच्या बैलाने काल किती बादल्या पाणी प्याले? आज मोजा आणि लिहून ठेवा.