खरकट्याला वारस लागतो

मालवण-कसाळ रस्त्यावरचं कट्टा हे माझं माहेर. संसार डोंबिवलीत झाला. तिथे सोसायटीच्या कमिटीत गेले तेव्हा ओल्या कचऱ्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं. "तुम्ही गावच्या, तुम्हाला त्यातलं कळतं," एवढंच कारण. आता पुन्हा कट्ट्यात राहते, तर इथल्या बायकाही तेच विचारतात, फक्त कारण उलटं: "तुम्ही मुंबैत ऱ्हवलात, तुमकां म्हायत असतला." दोन्हीकडे हात घालून जे कळलं ते असं.

१. बादलीचा रंग नंतर, आधी खाणारा ठरवा.

लहानपणी आमच्या घरात कचऱ्याचा डबाच नव्हता. तांदळाचं धुवण, भाजीची देठं, केळीच्या साली गुरांच्या आंबोणात जात. भांड्याला चिकटलेली शितं कोंबड्यांना, बांगड्याची डोकी मांजराला. करटी आणि सोडणं न्हाणीच्या चुलीत, चुलीतली राख भांड्यांना आणि उरलेली माडाला. मासे धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नसे. "गे बाय, माशाचा पाणी माडाच्या मुळात वत, तुळशीकडे नको," असं आई घरातूनच ओरडायची.

याला कोणी वर्गीकरण म्हणत नव्हतं, पण होतं ते कडक वर्गीकरणच. कारण चुकीचं काही गेलं की घेणाराच तक्रार करायचा. आंबोणात लिंबाची साल पडली की म्हैस तोंड फिरवायची आणि संध्याकाळच्या दुधाचा प्रश्न यायचा. शहरात मात्र सगळी चर्चा हिरव्या आणि निळ्या डब्यावर सुरू होते आणि तिथेच थांबते. हिरव्या डब्यातलं पुढे बायोगॅसला जाणार, खताच्या खड्ड्यात जाणार की ट्रकमध्ये सुक्यातच मिसळणार, हे ज्याला माहीत नाही तो महिनाभरात कंटाळतो. त्याला आळशी म्हणू नये. वेगळं का करायचं हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

२. शंका आली तर विचारा, जनावर खाईल का?

ओल्यात काय टाकायचं याची यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावली होती. कोणी वाचली नाही. पुढे दक्षिण कोरियाच्या पद्धतीबद्दल वाचनात आलं. तिथे २००५ पासून खरकटं थेट जमिनीत पुरायला बंदी आहे आणि २०१३ पासून अनेक ठिकाणी वजनाप्रमाणे पैसे मोजावे लागतात. त्यांचा साधा ठोकताळा असा की जे जनावराच्या चाऱ्यात चालणार नाही ते खरकट्यात धरायचं नाही. हाडं, शिंपल्या, टणक टरफलं वेगळी. सोल शहरातल्या बाईचा आणि माझ्या आईचा नियम एकच निघाला! यादी काढून तोच एक प्रश्न फळ्यावर लिहिला. तिसऱ्यांच्या शिंपल्या, आंब्याच्या कोयी, नारळाची करटी हे वाद त्या दिवसापासून मिटले. कांद्याच्या सालीवर मात्र अजून दोन गट आहेत.

३. मोठं शहर लागत नाही, हट्टी माणूस लागतो.

आपल्याच जिल्ह्यातलं वेंगुर्ला बघा. जेमतेम बारा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. २०१५च्या सुमारास रामदास कोकरे तिथे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी होते. घराघरांतून कचरा वेगळा करून घ्यायचा, डेपोवर पुन्हा वीसहून अधिक प्रकारांत निवडायचा, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, अशी घडी बसवली. जिथे नाक धरून जावं लागे त्या डेपोचं नाव झालं 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ', आणि लोक खरंच बघायला जाऊ लागले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं शहरांची तुलना केली तेव्हा केरळच्या अलप्पुळा आणि गोव्याच्या पणजीबरोबर वेंगुर्ल्याचं नाव वरच्या रांगेत होतं.

हेच कोकरे पुढे कल्याण-डोंबिवलीत उपायुक्त म्हणून आले आणि २०२० साली तिथे शून्य कचरा मोहीम सुरू झाली. कल्याणची आधारवाडीची कचराभूमी २०२१ मध्ये बंद झाली. आमच्या इमारतीत मी सगळ्यांना ऐकवायची, "आमच्या सिंधुदुर्गातून आलंय हे!" शेजारीण म्हणायची, मग आंबेही पाठवा म्हणावं.

वेंगुर्ल्याला जाल तर यंत्रं बघण्यात फार वेळ घालवू नका, निवडणीच्या टेबलापाशी उभे राहा. सगळं काम तिथे आहे.

४. चोवीस तासांत खत होत नाही.

आमच्या कमिटीपुढे एक विक्रेता चकचकीत यंत्र घेऊन आला. सकाळी कचरा टाका, उद्या खत काढा. बाहेर आली ती खरपूस वासाची तपकिरी भुकटी. सगळे खूश. ती कुंड्यांत घातली, पाणी पडलं, आणि चार दिवसांत पांढरी बुरशी आणि वास. यंत्रानं कचरा फक्त तापवून वाळवला होता. तो कुजलाच नव्हता, कुजायला कुंडीत सुरुवात झाली. शिवाय विजेचं बिल. खत करणारे जीवाणू असतात, त्यांना हवा लागते, ओल लागते आणि दीड-दोन महिने लागतात. शेवटी कुंपणालगत फटी ठेवून विटांचे दोन हौद बांधले. एक भरेपर्यंत दुसरा पिकतो. यंत्र अजून जिन्याखाली आहे, वरती कोणीतरी झाडू ठेवतो.

५. खरकट्याइतकंच सुकं हवं.

हौदाला वास येतो तो बहुतेक वेळा ओल जास्त झाल्यामुळे. भात, आमटी, फळांच्या साली यांत पाणीच पाणी, हवा जायला जागा नाही. प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा हवा. आमच्याकडे त्याला पातेरो म्हणतात आणि आंबा-काजूच्या बागेत तो ढिगानं पडलेला असतो. काही लोक तो पेटवून देतात. त्याच वेळी डोंबिवलीत आम्ही काथ्याच्या भुशाच्या विटा पैसे देऊन मागवत होतो, 'कोकोपीट' म्हणून! नारळ कोकणातले, सोडणं न्हाणीत जळलेली, आणि भुसा पार्सलनं येतोय. यावर मी कमिटीत एक भाषण ठोकलं होतं, ते इथे परत देत नाही.

६. मासळीला दुसरा दिवस नाही.

सुंगटांची टरफलं आणि माशांची आतडी आमच्या हवेत रात्रभरही राहत नाहीत. शहरात फ्रीजरमध्ये डब्यात ठेवा आणि गाडीच्या वेळेला काढा. गावात हातभर खोल खड्डा करून माडाच्या आळ्यात पुरा, वर राख घाला. वरवर पुरलंत तर कुत्रे उकरतात.

७. डबा उचलणारीची मर्जी राखा.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून निघालेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेते. घरटी शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्या कामगारांनाच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हे त्यांनीच लोकांना शिकवलं, कारण हात त्यांचे जात होते.

हे वाचून आम्ही सुक्या मालाचे पैसे सोसायटीच्या खात्यात घेणं बंद केलं आणि कचरा नेणाऱ्या दोघींना दिले. कमिटीत कुरकुर झाली, रक्कम काही मोठी नव्हती. पण दोन आठवड्यांत त्या दोघी दारात उभ्या राहून विचारू लागल्या, "वहिनी, दुधाची पिशवी ओल्यात कोणी टाकली?" ओल्यात गेलेली पिशवी म्हणजे त्यांचे गेलेले पैसे. माझ्या नोटिशींनी वर्षभरात झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नानं झालं. गुरं गेल्यापासून दारात तक्रार करणारं कोणी उरलं नव्हतं, ते असं परत आलं.

८. गॅस हवा असेल तर आंबट आवरा.

आपल्याकडे झारापची भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान ही संस्था डॉ. प्रसाद देवधरांच्या पुढाकारानं घरोघर बायोगॅस पोचवते आहे, मुख्यतः शेणावरचा. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेनं दाखवलं की पिठूळ खरकटंही चालतं आणि शेणापेक्षा कितीतरी लवकर गॅस देतं. भात, भाकरी, पेज हे त्याचं आवडतं खाणं. लिंबाच्या साली आणि आमसुलाचा चोथा एकदम घातला की आतलं पाणी आंबट होतं आणि ज्योत मंदावते. मग दोन दिवस उपास द्यायचा आणि थोडं शेण. म्हशीसारखंच नखरेल प्रकरण आहे.

९. गावात आता गुरं नाहीत, हे मान्य करा.

"आमच्या गावात कचऱ्याचा प्रश्नच नाही," असं अजून ऐकते. कट्ट्याच्या बाजारात चिकनची पिसं आहेत, खानावळींचं खरकटं आहे, वड्यांचं जळकं तेल आहे. पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी असली तरी खरकटं गाठ मारून वहाळाच्या कडेला फेकायला त्या कुठून तरी मिळतातच. मोकाट जनावर गाठ सोडत नाही, पिशवीसकट गिळतं. ज्या घरांत गोठा होता तिथे आता दुचाकी उभी असते. तेव्हा जुनं खातं बंद झालंय असं धरूनच बसावं: दोन-चार घरांनी मिळून एक खड्डा, एक गुरं राखणारं घर ठरवून त्याला साली आणि धुवण पोचवणं, चिकनवाल्यासाठी बाजारापासून दूर खोल खड्डा.

१०. मे महिना आणि चतुर्थी वेगळी मोजा.

चाकरमानी आले की घरातली माणसं तिप्पट आणि खरकटं त्याहून जास्त. मे महिन्यात फणसाची चारखंडं आणि कोयी, चतुर्थीत निर्माल्य, केळीची पानं आणि पाच भाज्यांची देठं. एरवी पुरणारा खड्डा आठवड्यात भरतो, म्हणून दुसरा आधीच खणून पातेरो गोळा करून ठेवावा. निर्माल्यातला दोरा, थर्माकोल आणि चमकी सोडवायला पोरांना बसवा, आरतीनंतर ती नाहीतरी मोकळीच असतात. आणि मुंबईहून येणाऱ्यांना फोनवरच सांगा, की कागदी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पत्रावळींवर प्लास्टिकचा पातळ थर असतो. एक ओली करून नखानं खरवडून बघा. पापुद्रा सुटला तर गठ्ठा दुकानदाराला परत करा, गावाला केळीची पानं भरपूर आहेत.